सात सतराचा फॅक्स

मुख्य कार्यालयातल्या मिनिटसाहेबांनी नोकरीत एकही फॅक्स पूर्ण वाचला नव्हता. ते फक्त वरची ओळ वाचायचे. फॅक्सच्या कागदावर अगदी वर, मुंगीएवढ्या अक्षरांत, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ छापून येते, ती ओळ. लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीच्या एकोणीस शाखा होत्या आणि प्रत्येक शाखेनं दिवसाच्या कामाचा रिपोर्ट संध्याकाळी सातनंतर फॅक्स करायचा, असा नियम मिनिटसाहेबांनीच काढला होता. सातच्या आधी आला तर शाखेतली माणसं लवकर पळाली. सातनंतर आला तर माणसं जागेवर होती. खाली रिपोर्टात काय लिहिलंय, लिफ्ट वर गेली की खाली आपटली, हा त्यांच्या दृष्टीनं तपशील होता.

अकराव्या शाखेत दोनच माणसं उरली होती. एक मिस्त्री, जो दिवसभर कुठल्या ना कुठल्या लिफ्टच्या टपावर बसलेला असायचा, आणि एक कारकूनबाई, ज्या फोन घ्यायच्या, तक्रारी लिहून ठेवायच्या आणि रिपोर्ट करायच्या. शाखाप्रमुखांची बदली होऊन दीड वर्ष झालं होतं. त्यांच्या खुर्चीत आता जुन्या फायली बसायच्या आणि खरं सांगायचं तर फायलींचा जाच कमी होता.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर बाईंची आई बाथरूममध्ये घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी दोन महिने इस्पितळातच ठेवायला सांगितलं. तिथं भेटायची वेळ चार ते सहा. बाईंची सुट्टी सातला. बाईंनी रजेचा अर्ज केला. उत्तर आलं: ‘रजा शिल्लक आहे. पर्यायी व्यवस्था झाल्यावर मंजूर करण्यात येईल.’ पर्यायी व्यवस्था म्हणजे मिस्त्री, आणि मिस्त्रीचं अक्षर मिस्त्रीलाही वाचता यायचं नाही.

पहिला आठवडा बाई आईला फक्त रविवारी भेटल्या. आईनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “आपण कोण?”

भूल उतरताना म्हाताऱ्या माणसांचं डोकं बिघडतं, असं बाईंनी ऐकलं होतं. मग शेजारच्या खाटेवरची बाई खुदकन हसली आणि बाईंच्या लक्षात आलं की म्हातारीनं ही फिरकी सगळ्या वॉर्डाला आधीच सांगून ठेवली होती. बाई हसल्या खऱ्या, पण घरी गेल्यावर भांडी घासताना त्यांना रडू आलं. आईला दुसरं कुणी नव्हतं आणि बाईंनाही.

सोमवारी त्यांनी फॅक्स मशीनचं माहितीपुस्तक काढलं. नऊ वर्षं ते कपाटाच्या पायाखाली होतं, कारण कपाट डुगडुगायचं. त्रेचाळिसाव्या पानावर त्यांना हवं ते सापडलं. कागद मशीनमध्ये घालायचा, वेळ सांगायची, आणि घरी जायचं. मशीन कागद वाचून पोटात ठेवतं आणि सांगितलेल्या मिनिटाला आपण होऊन पाठवतं. वरच्या ओळीत वेळ छापली जाते ती पाठवल्याची, कागद घातल्याची नाही. बाईंनी ते वाक्य तीनदा वाचलं आणि कपाटाखाली घडी घालून जुनं परिपत्रक सारलं.

पहिल्या दिवशी त्यांनी सातची वेळ लावली आणि दारापर्यंत जाऊन परत आल्या. बरोब्बर सात वाजता कुठलाही प्रामाणिक माणूस फॅक्स पाठवत नाही. त्यांनी सात सतरा केली. मग कधी सात नऊ, कधी सात बावीस, एकदा तर सात एकेचाळीस, म्हणजे त्या दिवशी काम फार होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते हे. आणखी एक गोष्ट त्यांनी केली. शाखेत फोनला आणि फॅक्सला लाइन एकच होती. मशीनवर एक हिरवं बटण होतं, ते दाबलं की येणारा प्रत्येक फोन मशीन उचलायचं आणि कानात किंचाळायचं. निघताना बाई ते दाबायला लागल्या. मुख्य कार्यालयातून कुणी फोन केलाच, तर त्यांना वाटावं की बाई फॅक्स करताहेत.

चारला पाच कमी असताना त्या बाहेर पडायच्या. चारला पाच कमी असताना सातचा रिपोर्ट लिहायचा, तर चार ते सात काय घडलं हेही आधीच लिहायला हवं. बाई लिहायच्या. ‘सायं. ४:५०, बँकेच्या इमारतीतली लिफ्ट, दाराची कुरकुर बंद केली. सायं. ६:१५, शाळेची लिफ्ट, तेलपाणी.’ मग मिस्त्रीला फोन करून त्यानं काय केलंय ते सांगायच्या. मिस्त्री पहिल्यांदा चक्रावला, नंतर त्याला ते आवडलं. आयुष्यभर त्याला कामं सांगितली गेली होती. झालेली कामं सांगणारं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं. दुपारी तो आपण होऊन विचारायचा, “ताई, मी आज काय काय केलं?”

आणि रिपोर्टात लिहिलंय म्हटल्यावर तो ते करायचाच. तक्रारी पटापट मिटायला लागल्या. महिन्याच्या शेवटी मिनिटसाहेबांचं पत्र आलं की सातनंतरच्या उपस्थितीत अकरावी शाखा पहिली आली आहे. बाईंनी ते पत्र आईला वाचून दाखवलं.

“काय गं, तू चारपासून इथे बसतेस आणि तिकडे पहिलीही येतेस?” आई म्हणाली. “शाळेत कधी जमलं नाही तुला.”

बाईंनी विषय बदलला.

पाचव्या आठवड्यात इस्पितळाचीच लिफ्ट बिघडली. आई तिसऱ्या मजल्यावर, एक्स-रे तळमजल्यावर. हाड जुळलंय का ते त्या एक्स-रेवर ठरणार होतं आणि लिफ्ट बंद म्हणून तो दोन दिवस पुढे गेला होता. मिस्त्री म्हणाला, “ताई, दाराचा स्विच गेलाय. नवा उद्या येतोय. उद्या दुपारी करून देतो.”

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, आईचा चेहरा आठवला, आणि साडेतीन वाजता रिपोर्टात लिहिलं: ‘सायं. ५:३०, इस्पितळाची लिफ्ट दुरुस्त. स्वतः चालवून पाहिली. चालू.’ खाली सही ठोकली, वेळ सात सतरा लावली, हिरवं बटण दाबलं आणि मिस्त्रीला सांगितलं.

“लिहिलंय का?” त्यानं विचारलं.

“लिहिलंय.”

मग त्याचा नाइलाज झाला. त्यानं जुनाच स्विच घासूनपुसून परत बसवला, लिफ्ट दोनदा वरखाली केली आणि साडेपाचला खरंच चालू करून दिली. तिथून तो गावाच्या दुसऱ्या टोकाला गेला, कारण सहा वाजता त्यानं तिथं काहीतरी केलेलं होतं.

एक्स-रे झाला. पावणेसहाला बाई आईला चाकाच्या खुर्चीत बसवून वर न्यायला निघाल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्टनं एक उसासा टाकला आणि थांबली. दिवा तेवढा चालू राहिला. बाईंनी तीन दाबलं, दोन दाबलं, सगळी बटणं दाबली. दार बडवलं. बाहेरून कुणीतरी ओरडलं, “अडकलात का?” त्यावर काय उत्तर द्यायचं असतं, हे बाईंना कळेना.

“फोन कर ना मिस्त्रीला,” आई म्हणाली.

मोबाइल पर्समध्ये होता आणि पर्स आईच्या खाटेवर.

“मग हे पिवळं बटण कसलं?”

ते बटण कसलं हे बाईंना पाठ होतं. त्याच्याखालची सूचना त्यांनी स्वतः टाइप केली होती: ‘घाबरू नका. बटण दाबा. आमचा माणूस तुमच्याशी बोलेल.’ लिफ्टमधून तो फोन थेट शाखेत जायचा. महिन्यातून एखाद्या वेळी वाजायचा, तोही बहुधा कुणाच्या पाठीला बटण टेकलं म्हणून. बाई “नको” म्हणेपर्यंत आईनं बटण दाबलं होतं.

दोन घंट्या झाल्या. मग मशीननं फोन उचलला आणि त्या लोखंडी खोक्यात ते असं किंचाळलं की आईनं दोन्ही कानांवर हात ठेवले. अर्धं मिनिट तो आवाज चालला. मग खट् झालं आणि शांतता पसरली.

“हा तुमचा माणूस?” आईनं विचारलं.

बाईंनी सगळं सांगितलं. लिफ्टमध्ये पळायला जागा नसते. त्रेचाळिसावं पान, सात सतरा, सात बावीस, आधी लिहिलेली कामं, हिरवं बटण, आणि या क्षणी शाखेत मशीनच्या पोटात असलेला कागद, ज्यावर त्यांनी सही करून लिहिलं होतं की ही लिफ्ट चालू आहे. आईनं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. हे फारच वाईट लक्षण होतं.

“तो शाखेतला फोन तुझ्या मोबाइलवर वळवता येत नाही?” शेवटी ती म्हणाली.

“येतो.”

“मग?”

“सुचलं नाही.”

“मिनिटं बरी बदलायला सुचलं.”

बाई खाली फरशीवर बसल्या, खुर्चीच्या चाकाला टेकून. बाहेर जिन्यावर पळापळ ऐकू येत होती. कुणीतरी मिस्त्रीला फोन लावला होता आणि तो तासाभरात पोचतो म्हणाला होता.

“तू घाबरली नाहीस ना?” त्यांनी विचारलं.

“मी कशाला घाबरू? बाथरूममध्ये साडेतीन तास पडले होते. इथे निदान खुर्ची आहे.”

बाईंनी मान वर केली. “दहा मिनिटं म्हणाली होतीस तू. शेजारच्या काकू लगेच आल्या म्हणालीस.”

“काकू आल्याच की. साडेतीन तासांनी आल्या.”

“मग खोटं का सांगितलंस?”

“तू कामावर होतीस. खरं सांगून हाड जुळणार होतं का?” आईनं मांडीवरची चादर नीट केली. “पहिला तास ओरडले. मग घसा बसला. मग तुला हाका मारल्या, मनातल्या मनात. तू ऑफिसात आहेस हे ठाऊक असूनही. माणूस मारतो गं. दारापलीकडून कुणी नुसतं ‘आले’ म्हटलं असतं ना, तर मी आणखी दोन तास पडून राहिले असते.”

बाईंना हुंदका आवरेना. आईनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि जरा वेळानं म्हणाली, “सहा वाजून गेले. आता ती सिस्टर तुला कशी हाकलते ते बघतेच मी.” मग तिनं वॉर्डातल्या प्रत्येक खाटेची बित्तंबातमी सांगितली. कुणाचा मुलगा येतो आणि नुसता मोबाइल बघतो, कुणाची सून आणलेली फळं स्वतःच खाते, कुठल्या डॉक्टरला नाडी सापडत नाही. पाच आठवड्यांत दोघी इतकं बोलल्या नव्हत्या. बोलता बोलता बाईंचं मनगटाकडे लक्ष गेलं. सात सतरा झाले होते. गावाच्या मधोमध, एका कुलूपबंद खोलीत, मशीननं मुख्य कार्यालयाला कळवलं की सगळं ठीक आहे.

साडेसातला मिस्त्रीनं लिफ्टच्या मोटारीच्या वरच्या खोलीतून हातानं चक्र फिरवून लिफ्ट तिसऱ्या मजल्याला आणली. दार उघडलं तेव्हा तो घामानं निथळत होता.

“मी म्हटलं होतं, ताई,” तो हळूच म्हणाला.

“म्हटलं होतं तुम्ही,” बाई म्हणाल्या. “इथून पुढे मी लिहिलंय म्हणून काही करू नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी पर्ससुद्धा खाली न ठेवता मशीनमधून आलेल्या फोनची यादी छापून घेतली. मशीन सगळं लक्षात ठेवतं, फक्त कुणी विचारावं लागतं. पाच आठवड्यांत, चारनंतर, सात फोन. दोन मुख्य कार्यालयाचे. एक कालचा, आईनं दाबलेला. उरलेले चार एकाच नंबराचे, एकाच गुरुवारी, पाच वाजून दोन मिनिटांपासून पाच चव्वेचाळीसपर्यंत. बाईंनी तक्रारवही काढून नंबर ताडून पाहिला. बागेजवळच्या सहा मजली इमारतीतल्या लिफ्टचा होता.

त्यांनी तो लावला. बराच वेळ घंटी वाजली आणि मग एका बाईचा दचकलेला आवाज आला. “अगंबाई, ही लिफ्ट बोलते?”

“मी कंपनीतून बोलतेय. मागे एका गुरुवारी तुमच्याकडे कुणी अडकलं होतं का?”

“आमचे हे. पाऊण तास. वॉचमन चहाला गेला होता. तुमचा फोन लावला तर पलीकडून कुणीतरी केकाटत होतं म्हणे. यांना वाटलं आगच लागली तिकडे. तेव्हापासून जिन्यानेच जातात, पाच मजले. पोट उतरलंय चांगलं.” मग आवाज जरा खाली आला. “रात्री झोपेत मात्र अजून दार वाजवतात.”

बाईंनी माफी मागितली. नीट मागितली, कंपनीच्या वतीनं नाही, स्वतःच्या. पलीकडची बाई “असू दे, असू दे” म्हणाली आणि पाचवा मजला आला म्हणून उतरली.

मग बाईंनी कागद ओढला आणि सगळं लिहून काढलं. पाच आठवडे मी रोज चार वाजता निघून गेले. फॅक्स मशीननं पाठवले. अडकलेल्या माणसांचे फोन कुणी उचलले नाहीत. कालचा रिपोर्ट खोटा आहे, त्यावरची सही माझी आहे. आई इस्पितळात आहे, मला चार ते सहा तिथं जायचं आहे आणि मी जाणार आहे. फोन यापुढे मोबाइलवर घेईन. याउपर जी कारवाई करायची ती करावी. हे सगळं त्यांनी तिथल्या तिथं, हातानं पाठवलं. वरच्या ओळीत वेळ उमटली, सकाळी नऊ बारा. छातीवरचा धोंडा उतरला होता.

साडेअकराला उत्तर आलं. ‘आपला फॅक्स सकाळी ९:१२ वाजता मिळाला. रिपोर्टची वेळ सायंकाळी सातनंतरची आहे. कृपया वेळ पाळावी.’

बाई आधी हसल्या आणि मग त्यांना असा संताप आला की त्यांनी शाखाप्रमुखांच्या खुर्चीतल्या फायली उचलून जमिनीवर आदळल्या. नोकरी वाचली होती. कारण कुणी वाचलंच नव्हतं. दुपारी मिस्त्रीनं नवा स्विच बसवला, तेव्हा त्यांनी ते काम झाल्यावरच लिहिलं. रिपोर्टाखाली एक ओळ वाढवली, ‘सही करणारी चार वाजता गेली’, वेळ सात सतराची लावली, हिरव्या बटणाला हात लावला नाही, फोन मोबाइलवर वळवला आणि निघाल्या.

आई उशीला टेकून बसली होती. एक्स-रे चांगला आला होता. बाईंनी उत्तराचा कागद दाखवला, तो तिनं चष्मा लावून वाचला आणि म्हणाली, “या माणसाला कधीतरी आपल्या लिफ्टमध्ये बसव.”

पाच वाजून पाच मिनिटांनी पर्समध्ये मोबाइल वाजला. वॉर्डात मोबाइलला बंदी होती, सिस्टरनं टेबलावरून डोळे वटारले. बाईंनी घेतला. पलीकडे आधी नुसता धापा टाकण्याचा आवाज होता, मग एक पुरुष म्हणाला, “मी बँकेच्या लिफ्टमध्ये आहे. एकटाच आहे. कुणी आहे का तिथे?”

“आहे, मी आहे,” बाई म्हणाल्या. मिस्त्रीला फोन करायला हवा होता, पण त्यासाठी हा फोन ठेवावा लागणार होता. माणसाचा श्वास वाढत चालला होता.

आईनं हात पुढे केला. “तो इकडे दे. तू सिस्टरच्या टेबलावरून लाव.”

सिस्टरनं, का कोण जाणे, टेबलावरचा फोन पुढे सरकवला. मिस्त्री म्हणाला की वीस मिनिटांत बँकेवर पोचतो, पण तिथल्या वरच्या खोलीची किल्ली शाखेत आहे. कुणीतरी ती आणायला हवी. बाईंनी घड्याळ पाहिलं. भेटीची पन्नास मिनिटं उरली होती. उद्या आणखी कुणी अडकेल, परवा आणखी कुणी. त्या खाटेशी परत आल्या आणि त्यांच्यानं सांगवेना.

आईनं ते त्यांच्या चेहऱ्यावर वाचलं. तिनं पर्स उचलून त्यांच्या हातात दिली आणि दाराकडे बोट केलं. फोन तिच्या कानाशीच होता.

“हं, माझी मुलगी निघालीय बघा किल्ली घेऊन,” ती म्हणत होती. “नाही, नाही, मी ठेवत नाही. मला कुठे जायचंय? खुब्याचं हाड मोडलंय माझं. कसं मोडलं? सांगते की, तुम्ही आधी खाली बसा.”